उन्हाळा सरताना परसबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागे साधारण दोनशे चौरस फूट माती, वर गच्चीवर तीसेक कुंड्या आणि दोन अर्धे कापलेले निळे ड्रम, एवढाच माझा पसारा. जागा पुण्यात. मे महिना लागला की ओळखीपाळखीतून तेच तेच प्रश्न येतात आणि मीही तीच तीच उत्तरं देते, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते आहे. उत्तरं पुण्याच्या हवेला धरून आहेत. कोकण, विदर्भ आणि परदेशातल्या मंडळींसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

उन्हाळा सरताना म्हणजे नेमका कोणता काळ?

अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंत. म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून ७-८ जूनपर्यंतचे पाच-सहा आठवडे. ऊन कडक, वारा कोरडा, आणि मधूनच एखादा वळीव येऊन सगळं विस्कटून जातो.

या दिवसांत मी बागेकडून दोनच गोष्टी मागते. आहेत ती झाडं तग धरून राहावीत आणि पावसाळी भाजीची जागा तयार व्हावी. त्यात चार भेंड्या, मूठभर गवार मिळाली तर ती वरकमाई. मेमध्येही फेब्रुवारीसारखी टोपली भरली पाहिजे म्हणून खत आणि पाणी ओतत राहणाऱ्यांची झाडं मी जूनपर्यंत टिकलेली फारशी पाहिली नाहीत.

पाणी किती घालायचं, आणि कधी?

सकाळी, ऊन चढायच्या आत. साडेसहा-सातला आटपलं तर उत्तम. संध्याकाळी घालायचं तर जमीन निवल्यावर, आणि पानांवर न उडवता बुंध्याशी.

किती, याचा माझा हिशोब असा: तीन फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला दिवसाआड दोन मोठ्या बादल्या, म्हणजे चाळीस लिटर. वाफ्यावर पाचटाचं चांगलं आच्छादन असेल तर यातली अर्धी बादली वाचते. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दिवसाआड भरपूर घातलेलं बरं, कारण वरवर ओल मिळाली की मुळंही वरवरच पसरतात आणि तीच आधी भाजतात. कुंड्यांना हा नियम लागू नाही. बारा इंची कुंडीला गच्चीवर सकाळी लिटर-दीड लिटर लागतंच, आणि संध्याकाळी बोट खुपसून बघायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर आणखी अर्धा लिटर.

एक चूक मी स्वतः केली आहे. गच्चीवर पाइप उन्हात पडलेला होता. दुपारी चारला नळ सोडला आणि मिरचीच्या रोपांवर सरळ धार धरली. पाइपात साठलेलं पहिलं पाणी चहा टाकावा इतकं कढत होतं. दुसऱ्या दिवशी अकरापैकी सात रोपं देठाशी उकडल्यासारखी मऊ पडली. तेव्हापासून पहिली बादलीभर धार मोरीत सोडते आणि हाताला गार लागल्यावरच पाइप झाडांकडे वळवते. काळ्या टाकीचं दुपारचं पाणीही तसलंच.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. काय करू?

मडकी पुरा. कुंभाराकडून साधं, रंग किंवा वॉर्निश न दिलेलं पाच-सहा लिटरचं मडकं आणायचं आणि गळ्यापर्यंत मातीत गाडायचं. भोवती हातभर अंतरात दोन-तीन वेल किंवा चार वांगी लावायची. मडक्यात पाणी भरून वर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतात. मडकं पाझरतं ते मातीला ओढ असेल तेवढंच, त्यामुळे पाणी वाया जात नाही. मेमध्ये मला तीन दिवसांनी भरावं लागतं. मडकं घेताना त्यात पाणी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओलसर झालं तर आपल्या कामाचं, कोरडं राहिलं तर ते नुसतं शोभेचं.

डाळ-तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बिनदिक्कत घाला. एसीचं पाणी चालतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र कुंड्यांना रोज घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात, महिन्याभरात मातीवर पांढरी खर दिसायला लागते. ते फरशी पुसायला ठेवा.

दुपारी भोपळ्याची, काकडीची पानं लोळागोळा होतात. लगेच पाणी देऊ का?

नाही. मोठ्या पानांच्या वेली दुपारी पानं पाडतात, ती त्यांची बचत असते. सूर्य कलल्यावर सातच्या सुमारास बघा. पानं परत ताठ झाली असतील तर मुळाशी ओल आहे. सकाळीही तशीच पडलेली असतील तर पाणी द्या. माती ओली असूनही सकाळी मान टाकलेली असेल तर मुळं तपासा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक जंत), कुजलेली दिसली तर मर (झाड वाळवणारा रोग). दोन्हींत ते झाड उपटून टाकलेलंच बरं.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. कोणतं टॉनिक मारू?

कोणतंच नाही. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या आसपास तापमान गेलं की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फळ धरत नाही आणि फूल देठापासून सुटतं. हिवाळ्यात लावलेला टोमॅटो मेपर्यंत तसाही थकलेला असतो. काढून टाका. चेरी टोमॅटो थोडा चिवट असतो, तो ठेवून बघायला हरकत नाही. ढोबळी मिरचीचीही हीच गत.

असलेल्या टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडत असेल तर ती कीड नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण पाण्याची अनियमितता असतं. एक दिवस चिखल, तीन दिवस भेगा, असं केलं की डाग पडणारच.

दुधीला नुसती फुलं येतात, फळ धरत नाही. वेल वांझ आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वेलीवर दोन तऱ्हेची फुलं असतात. नर फूल लांब, बारीक देठावर उभं असतं. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढं लवदार फळ आधीपासूनच असतं. मोठा दिवस आणि तापलेली हवा असली की नर फुलं भरमसाट येतात आणि मादी कमी. त्यामुळे महिनाभर नुसती नर फुलंच दिसली तरी वेल वांझ नसतो.

दुसरी अडचण परागीभवनाची. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांना मधमाश्या मिळतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. पाचव्या-सहाव्या मजल्याच्या गच्चीवर त्या वेळी पतंग येतीलच असं नाही. मग सकाळी ब्रश घेऊन दुधीच्या मिटलेल्या फुलांशी झटापट करून काय होणार? घोसाळं दोडक्याचंच भावंड, पण ते उमलतं पहाटे. म्हणजे एकाच मांडवाखाली दोन पाळ्या.

मी काय करते ते सांगते. संध्याकाळी सात-सव्वासातला दुधीचं पांढरं फूल पूर्ण उघडतं. ताजं नर फूल देठासकट तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सोलून काढायच्या, की मधला पिवळा दांडा उघडा पडतो. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. तो दांडा मादी फुलाच्या मध्यभागी अलगद तीन-चार वेळा फिरवायचा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. चौथ्या दिवशी मागचं फळ खाली झुकून चकचकीत हिरवं दिसलं तर जमलं. पिवळं पडलं तर पराग लागला नाही.

आता ते थ्रीजी कटिंग. मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, फुटलेल्या फांदीचा पुन्हा खुडायचा, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. दुधीला खरोखर फरक पडतो. पण व्हिडिओ बघून मेच्या उन्हात मरगळलेल्या वेलाला कात्री लावू नका. पावसाळी वेल सहा-सात पानांवर आला की तेव्हा लावा.

काकडी कडू का होते? दुधी कडू निघाला तर?

ऊन आणि पाण्याची ओढाताण. काकडीवर्गात कडूपणाचं एक द्रव्य मुळातच असतं, झाडावर ताण आला की ते फळात उतरतं. काकडीची टोकं कापून, घासून थोडा फरक पडतो. दुधीच्या बाबतीत मात्र असले प्रयोग नकोत. चिरल्यावर एक तुकडा जिभेला लावून बघा. कडूजहर लागला तर सरळ खतात टाका, रस तर अजिबात काढू नका. कडू दुधीने विषबाधा होते, माणसं दवाखान्यात भरती झाली आहेत.

भेंडीची पानं पिवळी, शिरा जाळीसारख्या. काय आहे हे?

केवडा. काही भागात हळद्या म्हणतात. विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते आणि त्याला औषध नाही. एखादं झाड दिसलं की उपटा, उरलेल्यांत पिवळे चिकट सापळे टांगा. दर वर्षी होत असेल तर बियाणं बदला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली परभणी क्रांती किंवा बंगळूरची अर्का अनामिका ही वाणं या रोगाला तोंड देण्यासाठीच आली. आता इतक्या वर्षांनी ती पूर्वीइतकी खमकी राहिली नाहीत, तरी साध्या पाकिटापेक्षा बरी.

भेंडी दिवसाआड तोडा. कडक होऊन झाडावर राहिली की झाडाला वाटतं, बी झालं, काम संपलं.

मिरचीची पानं आकसली आहेत.

याला बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात. पान उलटून नीट बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील आणि पानाचा देठ लांबला असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव). सगळा शेंडा बारीक पानांचा गुच्छ होऊन बसला असेल तर विषाणू, झाड काढा. पहिल्या दोन्हींत आकसलेले शेंडे खुडून पिशवीत घालून कचऱ्यात द्या आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने निंबोळी अर्क तीनदा फवारा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा दिला तरी कोळी बराच कमी होतो. पानांवर पाणी नको म्हणाले होते खरी, पण हा त्याला अपवाद.

निंबोळी अर्क घरी करता येतो का?

येतो, आणि आत्ताच त्याचा हंगाम आहे. मेअखेरपासून कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. गोळा करायच्या, गर धुऊन काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम बियांची भरड पुरचुंडीत बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा आणि त्याच संध्याकाळी फवारायचं. उरवून ठेवायचं नाही. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. या वासाला घरचे नावं ठेवतील, तयारी ठेवा.

पिठ्या ढेकणाला (कापसासारखी पांढरी कीड) याआधी जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने खरवडून काढा. आणि मुंग्यांची रांग शोधा. ढेकूण स्वतः फार चालत नाही, मुंग्या त्याला फांदीफांदीवर नेऊन बसवतात.

खत कोणतं घालू?

मेमध्ये जवळजवळ काहीच नाही. तापलेल्या, कोरड्या मातीत रासायनिक खत म्हणजे मुळांना चटका. फार तर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, वर पाणी. कच्चं शेण तर बिलकूल नको. त्यात हुमणीच्या, म्हणजे मुळं कुरतडणाऱ्या, अळ्या वाढतात. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेच हुमणीचे आईबाप. फांदी हलवून पाडायचे आणि साबणाच्या बादलीत टाकायचे.

आच्छादन कशाचं, शेडनेट किती टक्क्यांचं?

हाताशी असेल ते. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या. चार बोटं जाड, पण बुंध्यापासून वीतभर लांब. शेडनेट पन्नास टक्क्यांचं, म्हणजे अर्धं ऊन अडवणारं, पुरतं, त्याहून गडद घेतलं तर वेली नुसत्या लांबतात. नेट नसेल तर जुनी सुती साडी पश्चिमेच्या बाजूने बांधा. त्रास दुपारी एक ते पाचच्या उन्हाचा असतो, सकाळचं ऊन झाडांना हवंच असतं. कुंड्या सरळ स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा.

या दिवसांत कोणती पालेभाजी होते?

तांदुळजा, लाल माठ, चवळई, अंबाडी, सावलीतला अळू. बारीक बी वाळूत मिसळून टाका. कोथिंबीर या उन्हात हातभर वाढायच्या आधीच फुलावर येते. सावलीत, पसरट ट्रेमध्ये दाट पेरून वीतभर झाली की कापायची, एवढंच जमतं. मेथी, पालक आत्ता नको.

दहा दिवस गावाला जायचं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी लहानमोठं सगळं तोडून घ्या, अगदी बोटाएवढ्या भेंड्यासुद्धा. फळ नसलेलं झाड कमी पाणी पितं. कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, मडकी भरा, आच्छादन दुप्पट करा. बाटली उलटी खोचायचा उपाय दोन दिवस चालतो, दहा नाही. शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि येताना त्यांच्यासाठी गावचे आंबे आणा.

वळीव आला आणि मांडव पडला!

आमचाही पडला आहे, दोनदा. बांबू फूटभर पुरले होते, ते दोन फूट पुरायला हवे होते. पडलेला वेल ओढून सरळ करू नका, देठ पिळवटतो. मांडवच हळूहळू वर उचला आणि टेकू द्या. गारांनी फाटलेली पानं आठवडाभर तशीच असू द्या, नवीन फुटली की काढा.

पावसाच्या आधी काय काय उरकायचं?

यातलं सगळ्यात फायद्याचं काम म्हणजे रिकामा वाफा उन्हात तापवणं. वाफा खणून, भरपूर भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या. काळं नाही, पारदर्शक. चार ते सहा आठवडे ठेवलं की आतली ओली माती इतकी तापते की तणाचं बी, सूत्रकृमी, बुरशी बऱ्याच प्रमाणात मरते. एप्रिलच्या शेवटी झाकलं तर मृगाला मोकळं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वांगी, मिरचीचं रोप टाका, म्हणजे जूनअखेर लावणीला येतं. वेलींचं बी थेट जागेवर, मृगाच्या सरी पडल्या की. दुधीचं बी रात्रभर भिजवा. कारल्याचं कवच टणक असतं, टोक नेलकटरने किंचित टवका काढून पूर्ण दिवस भिजवा.

माझी तारीख मात्र गणपतीवरून ठरते. ऋषिपंचमीच्या भाजीला अळू, भेंडी, पडवळ, दोडका, लाल माठ घरचे असावेत असा हट्ट असतो. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, आणि आमच्या वाफ्यात कुदळ आम्हीच मारतो. पडवळाला बी पेरल्यापासून दोन-सव्वादोन महिने लागतात. गणपती ऑगस्टच्या शेवटी असतील तर जूनचा दुसरा आठवडा चुकवून चालत नाही.

बी घरचं धरू की पाकिटातलं?

संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. गावठी असेल तर जरूर धरा. बाकी फळं काढत राहा आणि वेलावरचं एक चांगलं फळ दोरा बांधून राखून ठेवा. दोडका खुळखुळा वाजेपर्यंत वाळू द्या, बी राखेत घोळून बरणीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणं असंच घरोघरी टिकवण्याच्या कामासाठी. आमच्या इमारतीत आता पाच घरांत एकाच घोसाळ्याच्या बिया फिरताहेत.

आम्ही कोकणात आहोत. आम्ही विदर्भात आहोत.

कोकणात ऊन कमी, दमट हवा जास्त, म्हणून भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि फळमाशी आधी बघा. गळलेलं, पोखरलेलं फळ मातीत राहू देऊ नका, अळी तिथेच कोषात जाते. वेलींना क्यू ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा. आंब्यासाठीचा मिथिल युजेनॉलचा सापळा वेलींवरच्या माशीला चालत नाही, ती वेगळी. जांभ्याची माती पाणी धरत नाही, पालापाचोळा सढळ हाताने घाला. तवसं, चिबूड मृगावरच.

विदर्भात पंचेचाळीस अंशांत नवीन काही लावायच्या फंदात पडू नका. वांगी-मिरची सावलीखाली जगवा. वांग्याची मेच्या मध्यावर सावलीत छाटणी केली, तर पावसावर ती पुन्हा फुटतात.

आम्ही न्यू जर्सीत. आमचा उन्हाळा ऑगस्टात सरतो.

मग तुमचा प्रश्न आमच्या उलटा: पुढे पाऊस नाही, थंडी आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्री दव गोठायची शक्यता धरा. ऑगस्टच्या शेवटी दुधी-दोडक्याचे शेंडे खुडा, म्हणजे वेल नवीन फुलांऐवजी धरलेली फळं मोठी करील. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा आमच्याकडे दिवाळीला होतो तो तुम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा. हरणांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. आमच्याकडे माकडं आहेत, त्यांच्यावरही नाही.

पहिल्या पावसानंतर मातीत लाल मखमली किडे दिसतात. मारायचे का?

अजिबात नाही. तो मृगाचा किडा. भाजीला त्याचा काही उपद्रव नाही, उलट तो इतर बारीक किड्यांची अंडी खातो. गोगलगाई मात्र संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा.

शेडनेट कधी काढायचं?

सलग तीन-चार दिवस ढगाळ गेले की. एकदम भर उन्हात काढलंत तर सावलीत वाढलेली पानं करपतात. काढल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळी करून टांगून ठेवा. माझं मागच्या वर्षी जिन्याखाली जमिनीवरच राहिलं आणि उंदरांनी त्यात घर केलं, म्हणून यंदाच्या नेटला जागोजाग साडीची ठिगळं आहेत.